दुनळी, बाराबोर आणि लायसनवरचं 'डी.बी.बी.एल.'

प्रश्न असा आलाय की आजोबांच्या शिकारीच्या बंदुकीला घरात दुनळी म्हणतात, गावात सगळे बाराबोर म्हणतात, लायसनवर 'डी.बी.बी.एल.' आहे, मग हे तिन्ही एकच का आणि बारा म्हणजे बारा मिलिमीटर का.

बंदूक एकच, पण शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. दुनळी म्हणजे नळ्या किती, बाराबोर म्हणजे नळी आतनं किती रुंद, आणि डी.बी.बी.एल. म्हणजे डबल बॅरल ब्रीच लोडिंग, दोन नळ्या आणि काडतूस मागनं घालायची. हे 'मागनं' मुद्दाम लिहायचं कारण त्याआधीच्या ठासणीच्या, तोंडातनं दारू आणि छर्रे घालून गजानं ठासायच्या. लायसनवर एस.बी.एम.एल. दिसलं तर ती एकनळी ठासणीची.

आता बारा. मिलिमीटर अजिबात नाही. एक पौंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम शिसं घेऊन त्याच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बाराबोर, आणि ती नळी भरते सुमारे साडेअठरा मिलिमीटर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते, वीस बोर बारापेक्षा बारीक, हे उलटं गणित बऱ्याच जणांना पटकन पटत नाही. फक्त ४१० बोर ह्यात बसत नाही, तो सरळ इंचातला व्यास आहे, ०.४१० इंच. एकनळीपण बाराबोर असते आणि दुनळीपण सोळा बोरची असू शकते, तेव्हा हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

दुनळी म्हटलं की आपल्याकडं नळ्या शेजारी-शेजारीच डोळ्यासमोर येतात, जुन्या शिकारीच्या बंदुका बहुतेक तशाच होत्या. ट्रॅप-स्कीटवाले, म्हणजे उडत्या चकत्यांवर नेम धरणारे, वापरतात ती नळीवर नळी, तिला नुसतं दुनळी न म्हणता 'वरखाली नळ्यांची' म्हणावं असं माझं मत. आणि तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे यांच्यामुळं कोल्हापुरात नेमबाजी घरोघरी पोचली, पण त्यांची ती रायफल, नळीत आतनं पीळ असलेली, बाराबोरसारख्या छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी आतनं गुळगुळीत असते.

चाप आणि घोडा हीपण गल्लत लई होते. बोटानं ओढायचा तो चाप, टोला हाणतो तो घोडा. जुन्या दुनळीला दोन्ही घोडे बाहेर दिसायचे, १८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स ह्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीतल्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी ते आत घेतले, म्हणून हॅमरलेस, पण घोडे असतातच, फक्त दिसत नाहीत. चाप मात्र सहसा दोन, पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. उजवी नळी सहसा तोंडाशी जरा मोकळी, छर्रे जवळच लवकर पसरतात, डावी आवळलेली, उडून लांब गेलेल्या पाखरासाठी. म्हणूनच 'दुसरा बार' म्हणजे लांबचा बार.

शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीनं जवळपास बंदच झाली, शब्द राहिले. आजोबांच्या आठवणी लिहिताय तर 'बाराबोरची दुनळी' लिहा. बोरची खात्री हवी असेल तर बंदूक लायसनदाराकडनं रिकामी करून नळ्या उतरवून घ्या, इंग्लिश बनावटीची असेल तर नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर शिक्क्यांत बोरचा आकडा असतो.