सिग्नलला गाडी बंद पडते, पंप बदलू का?

प्रश्न : २०१४ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७८ हजार किमी झालेत. मे महिन्यात बॅटरी बदलली आणि तेव्हापासून सिग्नलला थांबलं की गाडी थरथरते, आरपीएमचा काटा ५००पर्यंत खाली येतो, एसी चालू असला तर कधीकधी बंदच पडते. हायवेला मात्र मस्त पळते. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, आता मेकॅनिक म्हणतोय गाडीतला पेट्रोल पंप (टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा) नवा टाकू. टाकू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : थांबा, पंप एवढ्यात नको. पंप कमजोर असता तर गाडी आधी खंबाटकी घाट चढताना रडली असती, कारण चढावर पेट्रोल भरपूर लागतं आणि उभ्या गाडीला अगदी थोडं पुरतं. तुमचं दुखणं नेमकं उलटं आहे.

मला खटकली ती बॅटरी. इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीतल्या झडपेच्या कडेला वर्षानुवर्षं कार्बन साचतो, तिथून हवा कमी जायला लागते, मग ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) हळूहळू शिकतो की झडप जराशी जास्त उघडी ठेवायची, म्हणून तुम्हाला काही जाणवत नाही. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत हे शिकलेलं पुसलं जातं आणि झडप परत नव्या गाडीइतकीच उघडते, पण कार्बन तर तिथेच आहे. गरम इंजिनचा आयडल (उभ्या गाडीतला आरपीएम) साधारण ७०० ते ८५० असतो, तो आधीच खाली आणि वरून एसी कॉम्प्रेसरचा लोड, मग बंद पडणारच ना.

तेव्हा आधी थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. थ्रॉटल क्लीनर कपड्यावर मारून पुसायचं, आत बदाबदा फवारायचं नाही, आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर झडप बोटाने ढकलायची नाही. नंतर आयडल री-लर्न, म्हणजे ईसीएमला झडप किती उघडायची ते परत शिकवायला सांगा, हे खूप जण विसरतात आणि मग सफाई करूनही फरक नाही म्हणून ओरडतात. पद्धत गाडीगणिक वेगळी असते, काहींना स्कॅनर लागतो.

तरीही थरथर राहिली तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीएम ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतोय ते (फुकट सल्ला देणाऱ्या दहा जणांपेक्षा हा आकडा बरा). आयडलला +२० आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ आला, तर कुठूनतरी चोरटी हवा आत शिरतेय, पीसीव्हीचा पाइप (इंजिनातली वाफ परत आत नेणारा) आणि मॅनिफोल्डचं (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागाचं) गॅस्केट तपासा. आरपीएम वाढवल्यावर ट्रिम अजून वर गेला, तर मग पंपाचं प्रेशर मोजा, आणि मोजूनच पंप बदला. इथेनॉलवाल्या पेट्रोलवर सगळं खापर फोडायची सध्या फॅशन आहे, पण त्याने ट्रिम वाढला तर तो आयडलला आणि वरही वाढलेला दिसेल, एकट्या सिग्नलला नाही.

आणि तोवर घाट टाळा. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की एकदोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड होऊ शकतं.

प्रश्न : टाकी फुल केली की लगेच गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते, झाली तर मिसिंग मारते, पाच मिनिटांनी ठीक. पेट्रोलमध्ये भेसळ असेल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : दुसऱ्या पेट्रोल पंपावर भरून बघितलंत का? तिथेही हेच होत असेल तर भेसळ सोडा, पर्ज व्हॉल्व्ह बघा. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा हा छोटा व्हॉल्व्ह उघडा अडकला की भरल्या भरल्या सगळी वाफ आत जाते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. इंजिन चालू ठेवून त्याचा पाइप पकडीने दाबा, थरथर थांबली तर चोर सापडला. आणि टाकी गळ्यापर्यंत भरू नका, नोझल एकदा कट झालं की बास, रक्कम राउंड करायच्या नादात चारकोल कॅनिस्टरमध्ये (टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा) पेट्रोल जातं.