थेम्सवरच्या ‘हेड ऑफ द रिव्हर’ला सगळ्या बोटी एकदम सुटत नाहीत, मग ती शर्यत कशी?

शर्यतच आहे, आणि माझ्या मते शेजारी-शेजारी सुटणाऱ्या शर्यतीपेक्षा जास्त कस पाहणारी. लंडनमध्ये असताना या शर्यतीत मी एका क्लबाच्या बोटीची कॉक्स होते, म्हणजे वल्हवणाऱ्या आठ जणांकडे तोंड करून सुकाणू धरणारी.

मार्चमध्ये होणाऱ्या या शर्यतीत चारशेपर्यंत बोटी उतरतात. एका रेषेत एवढ्या बोटी थेम्सच्या पात्रात मावणारच नाहीत. म्हणून मागच्या वर्षीच्या निकालाच्या क्रमाने, साधारण दहा-दहा सेकंदांनी एकेक सोडतात. नव्यांचा नंबर शेवटी. प्रत्येक बोटीची वेळ स्वतंत्र नोंदवतात आणि सर्वांत कमी वेळेची बोट जिंकते. अंतर मॉर्टलेक ते पटनी, ६.८ किलोमीटर. ऑक्सफर्ड-केंब्रिजची प्रसिद्ध शर्यत याच पट्ट्यात भरतीबरोबर वर जाते, ही ओहोटीबरोबर खाली येते. त्यामुळे सुरुवातीची वेळ दरवर्षी बदलते.

प्रशिक्षक स्टीव्ह फेअरबर्न यांनी १९२६ मध्ये ही शर्यत सुरू केली, ती मुळात हिवाळ्यात संघांनी लांब पल्ल्याचा सराव करावा म्हणून. पण चुरस आली ती आलीच.

वल्हवणारे पाठमोरे बसतात, त्यामुळे त्यांना मागून येणारी बोट दिसते आणि मला फक्त पुढची. माझ्या अगदी समोर बसणाऱ्या ‘स्ट्रोक’ची नजर माझ्या खांद्यावरून मागे सरकली, की मी समजायचे, कोणीतरी जवळ येतंय. मागची बोट वेगवान असेल तर हळू बोटीने वाट द्यायची असा नियम आहे. आणि खरी गोम इथेच आहे. ओहोटीचा जोर पात्राच्या खोल भागात असतो. तिथून बाजूला झालात की वल्ही तितक्याच ताकदीने मारूनही सेकंद निसटतात. हॅमरस्मिथच्या वळणावर तीन बोटी एकाच वेळी त्या धारेसाठी भिडतात, वल्ह्यांची पाती एकमेकांना लागायला आलेली असतात, तेव्हा ‘घड्याळाशी शर्यत’ वगैरे कोणाच्या डोक्यातही नसतं. पुढची बोट गाठायची, एवढंच.

एक खटकणारी गोष्ट आहे. पहिली बोट सुटल्यावर शेवटची सुटेपर्यंत तासाभराहून जास्त वेळ जातो. मधे वारा फिरला आणि प्रवाहाच्या विरुद्ध वाहू लागला तर लाटा उठतात, आणि मागच्यांना वेगळीच नदी मिळते. त्यात आपली पाळी येईपर्यंत थंडीत बोटीतच बसून राहायचं. हे अन्यायकारक आहे, पण नव्या संघाला पुढच्या वर्षी वरच्या क्रमांकावर सुटायचं तर याच पाण्यात चांगली वेळ काढावी लागते.

बघायला जाणार असाल तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा, आणि पटनीच्या शेवटाऐवजी हॅमरस्मिथ पुलाच्या आसपास नदीकाठच्या पायवाटेवर उभे राहा. ओव्हरटेकिंग तिथे दिसतं.