बाबांचं विमान पडलं तर?

“मॅडम, वडिलांच्या वस्तूंचं काय करू?”

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्याकडे पूर्वीही यायचा, पण पुण्यात कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर भागातल्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्यापासून त्याला ऊत आला आहे. बिल्डर तारीख देतो आणि तीस-चाळीस वर्षं माळ्यावर पडून असलेलं सगळं एका आठवड्यात खाली येतं. तंबोरा, शिलाई मशीन, तिकिटांचे अल्बम, कुणाच्या तरी हस्ताक्षरातल्या पाककृतींच्या वह्या. भाड्याच्या घरात जागा नसते आणि भंगारात घालवत नाही. मग भावंडांत कुरबुरी, नवरा-बायकोत धुसफूस आणि रात्रीची झोप उडालेली.

लोक हा प्रश्न जागेचा म्हणून घेऊन येतात. मी तो तसा ऐकत नाही. का, ते एका उदाहरणाने सांगते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत, आणि लिहायची परवानगी घेतली आहे.

मंदार पंचेचाळिशीचा, हिंजवडीत नोकरी. झोप लागत नाही म्हणून आला होता. पहिल्या भेटीत बराच वेळ ऑफिसचं रडगाणं झालं. बरोबर आलेली पत्नी शेवटी वैतागून म्हणाली, “अरे, विमानांचं सांग ना!”

वडिलांना मॉडेल विमानांचा नाद. कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत लागला तो सुटला नाही. (ही शाखा १९५० साली सुरू झाली, आणि मॉडेल विमानं बनवणं-उडवणं आजही तिच्या प्रशिक्षणात आहे.) दिवसभर ड्रॉइंग ऑफिसात नोकरी आणि संध्याकाळी गॅलरीत बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या, पट्ट्या. ते गेले त्याला दीड वर्ष झालं होतं. मागे राहिली विमानं. त्यातली दोन दोरीची, म्हणजे दोन बारीक तारांच्या टोकाला बांधलेली. मधे उभं राहून हातातलं हँडल वर-खाली करायचं आणि विमान आपल्याभोवती गोल फिरतं. त्यांना अडीच सीसीची डिझेल इंजिनं. इंधन घरीच कालवायचं: ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण समसमान. ना स्पार्क, ना प्लग. बोटाने प्रोपेलरला झटका द्यायचा आणि नशीब असेल तर इंजिन धरायचं. आणि एक मोठं विमान, ‘ज्युनियर ६०’. मूळ आराखडा अल्बर्ट हॅटफुल या इंग्रज डिझायनरचा, १९४६ सालचा. पंख साठ इंच, म्हणजे पाच फूट. वडिलांनी कुणाकडून तरी नकाशा मिळवून ट्रेस केला होता.

नाशिकची बहीण म्हणत होती, एखाद्या संग्रहालयाला देऊन टाक. पत्नी म्हणत होती, एक ठेव आणि बाकीची वाटून टाक. एक जण विकत घ्यायलाही तयार होता. मंदार यातलं काहीच करत नव्हता. फक्त रात्री उठून माळ्यावरचं प्लास्टिक नीट आहे का ते बघून येत होता.

“तुम्हाला स्वतःला काय करायचंय?” मी विचारलं.

बराच वेळ गेला. “मोठं विमान एकदा उडवायचंय.”

“मग अडतंय कुठे?”

“पडलं तर?”

“पडलं तर काय होईल?”

“मोडेल.”

“आणि मोडलं तर?”

“मग माझ्यात आणि भंगारवाल्यात काय फरक, मॅडम?”

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी समुपदेशक आहे. कि. मो. फडके यांनी ही विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात रुजवली, आणि आमच्या पिढीतल्या अनेकांची विचाराची बैठक त्यातूनच तयार झाली. इच्छा आणि हट्ट यांतला फरक ओळखायला ती शिकवते. विमान सुखरूप उतरावं ही इच्छा झाली. ते पडताच कामा नये, आणि पडलं तर मी नालायक मुलगा, हा हट्ट. इच्छा माणसाला कामाला लावते, हट्ट जागच्या जागी गोठवतो. हे मंदारला मी समजावलं, त्याने हुशार विद्यार्थ्यासारखी मान डोलावली आणि पुढच्या भेटीला तो तसाच आला, न झोपलेला. पटणं आणि उमगणं यांत अंतर असतं. ते कापायला माणसाच्या स्वतःच्या आयुष्यातलाच पुरावा लागतो, म्हणून मी पुरावा शोधायला लागले.

“बाबांचं विमान कधी पडायचं नाही का?”

तो पहिल्यांदा हसला. “पडायचं की! दर दोन-तीन रविवारी.”

“मग काय करायचे ते?”

“आधी एक सणसणीत शिवी. मग...” तो थांबला. “मग पिशवी.”

“कसली पिशवी?”

रविवारी सकाळी बाप-लेक स्कूटरवरून मैदानात जात. मागे बसलेल्या मंदारच्या मांडीवर विमान, खांद्याला इंधनाच्या बाटलीची थैली आणि हातात लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानाची एक रिकामी पिशवी. विमान पडलं की वडील ती मागून घेत आणि दोघं मिळून गवतातून तुकडे वेचत. पार काडीएवढा तुकडासुद्धा. पंखावरच्या टिश्यू कागदाची चिंधी असली तरी उचलायची, कारण घरी वर्तमानपत्रावर सगळं जुळवल्याशिवाय मोडलेल्या भागाचा आकार कळत नाही. “एक जरी राहिला ना, तरी परत पाठवायचे मला.”

“आणि ही पिशवी घरून निघतानाच घ्यायचे?”

“हो. रोजचीच होती ती.”

मग तो गप्प झाला. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार वळवळते, ती आवरणं हा अनुभवाचा भाग आहे. दोन-तीन मिनिटांनी तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “म्हणजे पडणार हे धरूनच निघायचे ते.”

त्या दिवशी आम्ही आणखी काही केलं नाही. करण्यासारखं उरलं नव्हतं.

पुढच्या भेटीत मी एवढंच विचारलं, की जपून ठेवायची, हात लावायचा नाही, ही विमानांची रीत घरात आली कधी? उत्तर सरळ होतं. शेवटची दहा-बारा वर्षं. गुडघे गेले, मोतीबिंदू झाला, मैदान बंद झालं. मग विमानं भिंतीवर चढली आणि नातवाला “लांबून बघ” असं सांगणं सुरू झालं. मंदार ज्या वडिलांशी इमान राखत होता ते सत्तरीतले होते. गवतात गुडघ्यांवर बसून काड्या वेचणारा पस्तिशीचा माणूस त्याच्या हिशेबातच नव्हता.

हे मला अनेकांच्या बाबतीत दिसलं आहे, आणि कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. आई-वडील गेले की आपण त्यांची शेवटची काही वर्षं उराशी धरतो, कारण ती ताजी असतात. आजारपणातली भीती, म्हातारपणातला जपूनपणा, हेच त्यांचं मत म्हणून पाळायला लागतो. वस्तू मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या असतात. एका ताईंच्या आईचा तंबोरा असाच खोळीत पडून होता. आईने भर मैफलीत त्याची तार तुटल्यावर काय केलं होतं ते आठवल्यावर तो बाहेर आला. म्हणून मी हल्ली कुणी ‘आईला काय वाटलं असतं’ म्हटलं की विचारते: कितव्या वर्षीच्या आईला?

पूर्वी शोक म्हणजे गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं असं मानत. शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उलट मांडलं, की नातं संपत नाही, त्याचं रूप बदलत राहतं. मला ते पटतं. पण रूप बदलायला हाताला काहीतरी काम लागतं. माळ्यावर प्लास्टिक तपासत राहून नातं पुढे जात नाही.

मंदारने पंखावरचा जुना टिश्यू उतरवला. तो इतका कडक झाला होता की नख लावलं तरी फाटत होता. आत जे निघालं त्याचे फोटो त्याने मला दाखवले. डाव्या पंखाची मुख्य पट्टी दोन ठिकाणी सांधलेली, त्यातला एक सांधा बांबूची कामटी लावून दोऱ्याने गुंडाळलेला, आणि एक रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी फासळी, चक्क पुठ्ठ्याची. वरून डोप (टिश्यू ताणून कडक करणारं लॅकर) आणि रंग इतका सफाईदार की आयुष्यभर कुणाला कळलं नव्हतं. “पुठ्ठा, मॅडम!” तो सारखं हेच म्हणत होता.

पुढचा पेच इंजिनाचा. मोठ्या विमानाचं इंजिन जाम होतं. एरंडेल वर्षानुवर्षं आत राहिलं की राळेसारखं घट्ट होतं. (कुणाकडे असं इंजिन असेल तर पक्कड लावून फिरवू नका. गरम हवेने ऊब द्या, थोडं थोडं सोडवा.) ते सुटलं, पण ईथर सहजी मिळेना, आणि बिघडलेलं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारा वडिलांचा कान याच्याकडे नव्हता. बॅटरीवरची मोटर बसवली तर ते बाबांचं विमान राहील का, या प्रश्नावर आमची एक अख्खी भेट गेली. मी उत्तर दिलं नाही, विमानाचा इतिहास विचारला. निघालं असं, की ‘ज्युनियर ६०’ मुळात रेडिओवर, म्हणजे रिमोटने, उडवायचं विमानच नव्हे. ते मोकळं सोडून द्यायचं विमान. रेडिओ लोकांनी नंतर बसवला, आणि त्यांत त्याचे वडीलही होते. मोटर बसली. वडिलांचा जुना ट्रान्समीटर खोक्यात राहिला आणि उडवायला नवा २.४ गिगाहर्ट्‌झचा घेतला, जे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरोबरच आहे.

ज्यांच्या माळ्यावर असं काही आहे त्यांना थोडं सांगते.

बिल्डरची तारीख ही निर्णयाची तारीख धरू नका. एखाद्या नातेवाइकाच्या घरी कोपरा मागा, वस्तू तिथे हलवा आणि मग विचार करा. देण्याआधी सगळ्या भावंडांना फोटो पाठवा आणि कुणाला काय हवं ते सरळ विचारा. मंदारच्या बहिणीला विमान नकोच होतं, तिला वडिलांची मोजपट्टी हवी होती. हे दीड वर्षात कुणी विचारलंच नव्हतं.

दुरुस्ती करायची तर आधी फोटो, मापं आणि नकाशाची प्रत. जुनं लाकूड शक्य तेवढं ठेवा, बदललेला भाग टाकू नका. आणि कृपा करून वारशाच्या वस्तूवर शिकू नका. मंदारला मी आधी स्वस्तातलं फोमचं विमान घ्यायला लावलं. ते त्याने मनसोक्त पाडलं, आणि त्याच्या हट्टावर माझ्या सगळ्या बोलण्याहून जास्त काम त्या पडण्याने केलं. उडवायला मैदान निवडताना मात्र मनाचं ऐकू नका, नियम बघा. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, खडकवासल्याला एनडीए. विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरपर्यंतचा भाग बंधनांत येतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांचाही विचार आहे, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहूनच निघा. दोरीचं विमान विजेच्या तारांच्या आसपास अजिबात नको, त्याच्या तारा धातूच्या असतात.

वडिलांचे जुने सोबती शोधा. ते तुम्हाला वडिलांबद्दल अशा गोष्टी सांगतात ज्या घरात कुणाला ठाऊक नसतात, आणि त्यातल्या सगळ्याच गोड नसतात. तेही बरंच आहे.

आणि तुम्हाला त्या छंदात रस नसेल तर? मग देऊन टाका, खुशाल. वडिलांवर प्रेम आणि बाल्सावर प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणी मागून नेलं आणि वापरलं तर उत्तमच. अपराधी वाटेल, काही दिवस वाटू द्या.

पण महिनोन्‌महिने जेवण, झोप, काम काहीच धड होत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर ही वस्तूची गोष्ट राहिलेली नाही. लांबलेला शोक हे आता वैद्यकीय वर्गीकरणातही मान्य झालेलं निदान आहे. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे.

मंदारचं ‘ज्युनियर ६०’ उडालं. वडिलांच्या एका मित्राने, ऐंशीच्या घरातल्या काकांनी, आधी तोल तपासला आणि नाकात थोडं शिसं वाढवायला लावलं. मग उंच गवतावर नुसतं सोडून पाहिलं आणि नंतरच मोटर चालू करू दिली. नंतरच्या एका रविवारी ते उतरताना बांधाला धडकलं आणि पंखाचं टोक गेलं. त्याचा फोनवरचा स्वर मी नीट ऐकला; तो बाल्सा कुठे स्वस्त मिळेल हे सांगत होता. दोरीच्या विमानांपैकी एक एका एनसीसी कॅडेटला गेलं, दुसऱ्याचं अजून ठरलेलं नाही. झोप बरी आहे. आता तक्रार आहे ती पत्नीची, की भाड्याच्या घराच्या गॅलरीतून डोपचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. त्यावर मी खिडकी लावून घ्या एवढंच सांगू शकले.