होमरला आईचा राग का येत नाही? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: परवा रात्री 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा तो, घरातला बाप होमर याची आई परत येते तो एपिसोड पहिल्यांदाच बघितला. माझी स्वतःची आई मी ८ वर्षांचा असताना घर सोडून गेली आणि मी तिशीत आल्यावर एक दिवस अचानक तिचा फोन आला. मला १० मिनिटं पण धड बोलता आलं नाही, इतका राग होता. आणि हा होमर, २७ वर्षांनी आई दिसते आणि हा लगेच मिठी मारून मोकळा! मला बघताना रडू पण आलं आणि चीड पण आली. असं खरंच होतं का, की कार्टून आहे म्हणून सोपं करून टाकलंय?

उत्तर: आधी तुमच्या रागाबद्दल. फोनवर बोलता आलं नाही यात तुमचं काहीच चुकलेलं नाही, होमरने मिठी मारली म्हणून तुम्हीही मारायला हवी होती असं मनात सुद्धा आणू नका.

आता एपिसोड. हा १९ नोव्हेंबर १९९५ चा, सातव्या सीझनमधला, रिचर्ड ॲपलने लिहिलेला. सुरुवात निव्वळ धमाल आहे, शनिवारी कंपनीच्या कामाला जावं लागू नये म्हणून होमर स्वतः मेल्याचं नाटक करतो, मग सरकारी रेकॉर्डमध्ये तो मेलेला, ते दुरुस्त करायला जातो तर तिथे कळतं की तुमची आई तर जिवंत आहे. हा तावातावाने स्मशानात जातो आणि इतकी वर्षं जिला आईची कबर समजत होता ती निघते कवी वॉल्ट व्हिटमनची. आणि तिथेच आई समोर येते, मुलगा गेला अशी बातमी वाचून आलेली.

ती गेली का होती ते पण नीट बघा. १९६९ मध्ये ती हिप्पी चळवळीत ओढली जाते, मिस्टर बर्न्सची (होमर आता ज्याच्याकडे नोकरी करतो तो) रोगजंतूंची हत्यारं बनवणारी लॅब असते, तिथे ही आणि तिचे साथीदार अँटिबायोटिकचा बॉम्ब फोडतात, म्हणजे जंतूच मारून टाकतात. पळताना बर्न्स सगळ्यांच्या पायाखाली येतो, बाकीचे निघून जातात आणि ही एकटी त्याला मदत करायला मागे फिरते. त्यामुळेच तो तिचा चेहरा बघतो आणि तिला फरार व्हावं लागतं. मला हा भाग फार लागतो, कारण ती त्या एका क्षणी निर्दयी झाली असती तर मुलाजवळ राहिली असती.

पण होमरला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांनी, म्हणजे एब आजोबांनी, त्याला सांगितलं की तू सिनेमाला गेला होतास तेव्हा आई वारली. होमरची आई मोना त्यांना याचा जाब विचारते तेव्हा ते म्हणतात, मग काय सांगू, की तुझी आई पोलिसांना हवी असलेली गुन्हेगार आहे? तर होमर आईला भेटल्यावर तिच्यावर ओरडत नाही, तो सांगतो की मला वाटायचं मीच वाईट मुलगा असेन, कोणत्याच आईला नको असलेला. आणि ती म्हणते, नाही रे, तू किती गोड मुलगा होतास. मला वाटतं मिठीचं कारण इथे आहे. त्याने तिला माफ केलं की नाही हा प्रश्नच त्या वेळी त्याच्यापुढे नव्हता, 'माझ्यामुळे गेली का' याचं उत्तर मिळालं आणि त्या उत्तरानेच माणूस इतका हलका झाला की रागाला जागा उरली नाही. शिवाय ती दर आठवड्याला त्याला पार्सल पाठवत होती, ती सगळी पोस्टात तशीच पडलेली सापडतात! तुमच्याकडे अशी पार्सलं नाहीत, फक्त एक फोन आहे, मग राग येणारच ना.

आणि राग होमरला पण येतो हो, फक्त उशिरा. ११ मे २००८ च्या एपिसोडमध्ये ती परत येते आणि या वेळी तो फुरंगटून बसतो, सारखी सोडून जाणारी आई आता नको म्हणतो. नंतर मन बदलतं, माफी मागायला जातो, तर ती खुर्चीत बसल्या बसल्या गेलेली असते. हे तुम्हाला घाई करावी म्हणून सांगत नाहीये, खरंच नाही. पण तुम्हाला विचारायचं असेल की 'माझ्यामुळे गेलीस का', तर तेवढा एक प्रश्न फोनवर विचारता येईल, मिठीबिठी नंतरची गोष्ट.

प्रश्न: होमरच्या आईचा आवाज ओळखीचा वाटतो, कोणाचा आहे? आणि मोना हे नाव कुठून आलं?

उत्तर: आवाज हॉलिवूडची अभिनेत्री ग्लेन क्लोजचा. २००३ मध्ये मोना परत येते तेव्हा पण तीच. नाव लेखक रिचर्ड ॲपलच्या त्या वेळच्या बायकोचं, कादंबरीकार मोना सिम्पसन, आडनाव पण तेच, योगायोग बघा. ती स्टीव्ह जॉब्सची सख्खी बहीण, आणि हे भाऊ-बहीण एकमेकांना भेटले ते मोठे झाल्यावर, कारण जॉब्सला जन्मतःच दत्तक दिलेलं होतं.

प्रश्न: शेवटी होमर नुसता गाडीवर बसून राहतो आणि संपतं. एवढ्या विनोदी मालिकेत शेवटी एक पण जोक नाही, असं का?

उत्तर: जोक आहे, पण आधी होऊन गेलाय. व्हॅनमध्ये चढताना आईचं डोकं आपटतं आणि ती अगदी होमरसारखंच 'डोह!' म्हणते, तेव्हा कळतं हा शब्द कोणाकडून आला. त्याच्या आधी एक वाक्य आहे ते कान देऊन ऐका. लहानपणी ती रात्री निघून जाताना झोपलेल्या होमरची पापी घेते, मोठा झाल्यावर तो तिला सांगतो की मला ते स्वप्न वाटलं होतं. आणि आता निरोप देताना म्हणतो, या वेळी निदान मी जागा आहे. इतकी वर्षं त्याला हाच निरोप मिळाला नव्हता, तो मिळाल्यावर वर आणखी जोक कशाला हवा. मग तो गाडीच्या बॉनेटवर बसतो, अंधार पडतो, चांदण्या येतात, ॲल्फ क्लॉसनचं संगीत वाजतं आणि क्रेडिट्स त्याच्यावरूनच सरकत जातात. परत बघाल तेव्हा रिमोट जरा लांब ठेवा, क्रेडिट्स आले की पुढचा एपिसोड आपोआप सुरू होतो आणि हा भाग कापला जातो.