चिन्वत पुलावर कोण भेटतं

मेल्यानंतर काय होतं, याबद्दल इतर समाज काय मानतात असं तुम्ही विचारलंय. सगळ्या जगाचं सांगणं मला झेपणार नाही. पारशांचं सांगतो, कारण ते थोडं जवळून पाहिलंय.

शेजारच्या पारशी आंटी गेल्या तेव्हा मी मलबार हिलच्या डुंगरवाडीत, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, गेलो होतो. शेवटच्या प्रार्थना झाल्यावर परधर्मीयांना मुखदर्शन मिळत नाही, म्हणून बाहेर बाकावर बसलो. त्यांचा मुलगा येऊन शांतपणे म्हणाला, "मम्मी अजून तीन रात्री इथेच आहे." मला आमच्या घरातला दहावा आठवला, पिंडाला कावळा शिवेपर्यंत खोळंबलेली माणसं आठवली.

पारशी मानतात की चौथ्या दिवशी पहाटे आत्मा चिन्वत पुलाशी, म्हणजे इहलोक आणि परलोक जोडणाऱ्या पुलाशी, पोचतो. तिथे त्याची स्वतःचीच 'दएना' समोर येते. माणूस चांगला जगला असेल तर सुंदर तरुणीच्या रूपात, नाहीतर ओंगळ म्हातारीच्या. ती कोण? तर त्याचेच विचार, त्याचेच शब्द, त्याचीच कृत्यं. सज्जनासाठी पूल रुंद होतो, दुर्जनासाठी धारेसारखा अरुंद. नरकही आहे, पण कायमचा नाही; जगाच्या अखेरीस तिथलेही शुद्ध होऊन सुटतात. मला त्यांच्या धर्मातलं हे सगळ्यात मोठ्या मनाचं वाटतं.

या पुलावर कुत्रे राखण करतात, आणि मृतदेहही कुत्र्याला दाखवतात, त्याला सगदीद म्हणतात. ऋग्वेदातल्या यमाचेही चार डोळ्यांचे दोन कुत्रे वाट राखतात. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातला यिम आणि आपला यम मुळात एकच! इतकं जुनं हे नातं.

अग्नी, पाणी, माती पवित्र. ती प्रेताने विटाळू नये म्हणून देह दोखम्यात, म्हणजे वर उघड्या असलेल्या गोल बुरुजात, गिधाडांसाठी ठेवायचा. पण डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली गुरं मेल्यावर खाऊन देशभरातली गिधाडं संपत आली. जनावरांसाठी हे औषध 2006 साली बंद झालं, तोवर फार उशीर झाला होता. आता डुंगरवाडीत उन्हाची उष्णता एकवटणारे आरसे लावलेत. काही कुटुंबं दहनाकडे वळली; त्यांच्यासाठी 2015 पासून वरळीला प्रार्थनागृह आहे.

आंटींच्या मुलाने दोखमाच निवडला. चौथ्या पहाटे मला आपोआप जाग आली. आंटींना पुलावर कोण भेटलं असेल, याची मला जराही शंका नव्हती.