आफ्रिकेतल्या शहरांमधल्या नोकरी करणाऱ्या बायका घर आणि काम दोन्ही कसं सांभाळतात?

अख्ख्या आफ्रिकेबद्दल मी बोलू शकत नाही. केनियाच्या राजधानीत, नैरोबीत सहा वर्षं राहिले, तिथलं सांगते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका भाजीवालीची टपरी होती. भाजीवालीला तिकडे 'मामा म्बोगा' म्हणतात. मामा म्हणजे आई, म्बोगा म्हणजे भाजी. ही पहाटे चारला उठून वाकुलिमा मंडईत जायची (लोक तिला मारिकिटीच म्हणतात), गोणी मटाटूत, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसमध्ये चढवायची आणि सातला टपरीवर हजर. धाकटं पोर लेसोत, म्हणजे छापील सुती कापडात, पाठीशी बांधलेलं. संध्याकाळी ऑफिसं सुटली की बायका तिच्याकडे थांबायच्या. ती सुकुमा विकी या पालेभाजीची जुडी डाव्या मुठीत आवळून धरायची आणि उजव्या हातातल्या सुरीने हातावरच भराभर बारीक चिरून द्यायची. पोर पाठीवर गाढ झोपलेलं. घेणारीला घरी जाऊन कांदा-टोमॅटोवर भाजी परतायची आणि उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ढवळायची, एवढंच उरायचं. सुकुमा विकीचा शब्दशः अर्थ 'आठवडा ढकल'!

मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या टपरीवरच आहे. ऑफिसातल्या बाईचं घर वेळेवर जेवतं ते या बाईच्या जिवावर. ऑफिसातल्या बाईची मुलं सांभाळते ती गावाकडून आलेली मुलगी, नाहीतर घरातच पाळणाघर चालवणारी शेजारीण. तेही परवडलं नाही तर पोरं गावी शोशोकडे, आजीकडे. एकीच्या खांद्यावरचं ओझं दुसरीच्या खांद्यावर जातं. पुरुषांच्या खांद्यावर गेलेलं मी फार कमी पाहिलं, आणि याचा मला अजून राग येतो.

कायदा वाईट नाही. २००७ च्या रोजगार कायद्यात बाळंतपणाची तीन महिन्यांची भरपगारी रजा आहे, बापालाही दोन आठवडे आहेत. पण तुम्ही 'नोकरी' म्हणालात, तिथेच मेख आहे. केनियात दहापैकी आठांहून जास्त कामकरी 'जुआ काली'त, म्हणजे असंघटित धंद्यांत आहेत. त्यांना रजा कोण देणार? आमची मामा म्बोगा बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात टपरीवर आली होती. "इतक्यात?" असं विचारलं तर म्हणाली, "गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळलं की परत येत नाही."

तिला खरा आधार होता 'चामा'चा. चामा म्हणजे आपली भिशीच. पंधरा जणी, दर आठवड्याला ३०० शिलिंग, सगळा व्यवहार मोबाइलवर एम-पेसाने. एकदा तिच्या पोराला न्यूमोनिया झाला. चामातली एक बाई स्वतःची दोन मुलं घेऊन चार दिवस तिच्या टपरीवर बसली, आणि त्या आठवड्याची भिशी नंबर नसतानाही हिला दिली. ज्या बाईचा नंबर होता, तिनेच ते सुचवलं होतं.