रिंगा आधीच आणल्या, आता?

प्रश्न : चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन पूर्ण खोललं आहे. ब्लॉक, हेड, क्रँक सगळं रॉकेलने धुऊन चकचकीत केलं. बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ती सिलिंडरची भोकं) गुळगुळीत दिसतात, फक्त वरच्या बाजूला नखाला किंचित कड लागते. स्टँडर्ड साइजच्या पिस्टनच्या रिंगा आणि क्रँकचे बेअरिंग आणून ठेवले आहेत. होनिंग करून, म्हणजे बोअर दगडाने घासून, जोडायला घेऊ का?

उत्तर : नको. रिंगांचं पाकीट फोडू नका आणि बिल जपून ठेवा. आधी मापं, मग खरेदी, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. येणारा प्रत्येक जण पार्ट घेऊनच आलेला असतो.

नखाला लागलेली ती कड म्हणजे बोअरचं मूळ माप. वरची रिंग तिथवर पोचत नाही, म्हणून ते टिकलं. त्याच्या लगेच खाली उष्णता आणि दाब सर्वांत जास्त, तेल सर्वांत कमी. झीजही तिथेच जास्त. खाली जाल तशी ती कमी होते. हा झाला टेपर. शिवाय पिस्टन क्रँकला आडव्या दिशेने भिंतीवर रेटला जातो, त्यामुळे बोअर गोल न राहता लंबगोल होतो. हे डोळ्यांना दिसत नाही. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या रेषेत व तिला आडवं, अशी सहा मापं घ्या. चार सिलिंडरची 24. लगेच कागदावर उतरवा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा.

मर्यादेबाहेर असेल तर होनिंगवर भागणार नाही. ड्रिलला लावायचा तीन दगडांचा होन बोअरच्या वाकड्या आकारामागेच फिरतो, तो सरळ करत नाही. मग बोअरिंग, म्हणजे बोअर कापून मोठा करणं, 0.25 किंवा 0.50 मि.मी. ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन, आणि रिंगाही त्याच मापाच्या. पिस्टन हातात आल्यावर, ते मोजूनच बोअर कापून घ्या. उलट क्रमाने काम देऊ नका.

जुने बेअरिंग फेकले नाहीत ना? कुठला कुठे होता ते लिहून ओळीने मांडा. खालचं तांबं दिसू लागलं असेल तर बेअरिंगचा वरचा थर संपला. एकाच कडेला घासला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकडा आहे का, जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) टेपर आहे का ते बघा. बारीक रेघा असतील तर तेलातून कचरा फिरत होता. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. जर्नलचं ग्राइंडिंग करावं लागलं तर तुमचे नवे बेअरिंगही बदलावे लागतील, बारीक झालेल्या जर्नलला बसणारे अंडरसाइज घ्यावे लागतील. रॉडच्या आणि मेन बेअरिंगच्या कॅप (बेअरिंगवर बोल्टने बसणारे अर्धे तुकडे) एकमेकींत मिसळू देऊ नका. त्या जागेवर बसवूनच आतलं भोक मशीन केलेलं असतं.

आता धुण्याबद्दल, कारण नवं इंजिन मरतं ते बहुधा इथे. रॉकेल चिकट तेल काढतं, होनिंगच्या दगडाची पूड काढत नाही; ती बोअरच्या रेघांत बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. होनिंगनंतर गरम पाणी, साबण आणि ब्रश. वाळल्यावर स्वच्छ तेलात बुडवलेलं पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवा. करडं झालं की पुन्हा धुवा. पांढरं राहिलं की ताबडतोब तेल लावा, उघड्या बिडाला गंज चढायला वेळ लागत नाही. तेलाच्या वाटांचे प्लग काढून आत लांब ब्रश घाला; प्लग न काढता धुतलेला ब्लॉक मी धुतलेला मानत नाही. हेड बोल्टची बंद तळाची भोकं हवेने कोरडी करा. आत तेल किंवा पाणी साचलं असेल तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

प्रश्न : हेडचे जुने बोल्ट पुन्हा वापरले तर?

उत्तर : टॉर्कनंतर, म्हणजे ठरावीक पिळाच्या जोरानंतर, कोन मोजून आवळायचे असतील तर नवेच घ्या; ते मुद्दाम ताणले जातात. फक्त टॉर्कवर आवळायचे असतील आणि मॅन्युअल नाही म्हणत नसेल, तर आटे आणि मान तपासून चालतील.